करवतीची किल्ली

मी, खुर्च्यांच्या कारखान्यातला धाकटा भागीदार, सगळी गल्ली ज्याला ‘लोळ्या’ म्हणते तो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी फुप्फुसे लाकडाच्या भुश्शाने भरली आहेत, डोके अजून रिकामे आहे. डॉक्टरांनी संपूर्ण विश्रांती सांगितली तेव्हा आमची पॉलिशवाली तोंड फिरवून हसली. तिला मी माफ केले आहे.

मला बायको-मुले नाहीत. मागे राहतील त्या वहिनी, म्हणजे माझ्या कैलासवासी थोरल्या भावाची बायको, आणि त्यांचा मुलगा. हे सगळे लिहिणे त्या पुतण्यासाठी आहे. तो असाच राबत राहिला तर बापाच्याच वाटेने जाईल.

कलम एक. मागच्या खिडकीपाशी असलेली माझी खाट पुतण्याला द्यावी. ‘दे रे हरी खाटल्यावरी’ हे भाऊ मला उठता-बसता ऐकवायचा. तो करवतीवर उभा आणि मी आडवा, हे कोणाला रुचेल? पण या कारखान्यात जे जे खपले ते त्या खाटेवर सुचलेले होते. एकदा त्याने चिडून खाट माळ्यावर टाकली आणि मला आठवडाभर टेबलाशी बसवले. मी इमानदारीने बसलो. त्या दिवसांत मी आखलेल्या खुर्चीवर बसून पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारले, “ही काय शिक्षेसाठी आहे?” दुसऱ्या दिवशी खाट खाली आली.

कलम दोन. कलत्या पाठीची पहिली खुर्ची वहिनींना द्यावी. आमचे कधी पटले नाही. मी ताटावर बसलेलो असताना त्यांनी मला ऐतखाऊ म्हटले होते. ते मी विसरलेलो नाही, आणि मेल्यावरही विसरेन असे वाटत नाही. पण खरे ते सांगतो. दुपारची भांडी आटोपली की त्या मागच्या दारात उलट्या खोक्यावर बसत, मान चौकटीला टेकून डोळे मिटत. मी खाटेवरून कित्येक दुपारी ते नुसते पाहिले. दमलेली पाठ कुठे कलते आणि कुठे आधार मागते, हे मला तिथे कळले. त्या खुर्चीवर आपले घर चालले. त्यात वहिनींचा वाटा आहे.

कलम तीन. दारावरची ‘काम हीच विश्रांती’ ही भावाने रंगवून घेतलेली पाटी चुलीत घालावी. लाकूड चांगले आहे, नीट जळेल.

आता भावाचे लिहायलाच हवे. करवतीच्या घरघरीत मला झोप लागते आणि ती थांबली की जाग येते. एका सभागृहाच्या खुर्च्यांची मोठी ऑर्डर होती आणि भावाने कित्येक दिवस पाठ टेकली नव्हती. मी म्हटले, “दादा, घटकाभर पड रे.” तो म्हणाला, “माझ्या वाटणीचं तूच झोपतोस की!” मी पडलो. भर दुपारी करवत थांबली आणि मी जागा झालो. उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला होता आणि हात पात्यात गेला होता. पॉलिशवालीने धावत जाऊन बटण बंद केले होते, पण रक्त थांबले नाही. उरलेल्या खुर्च्या पुतण्याने त्याच करवतीवर कापल्या. ऑर्डर वेळेवर गेली.

कलम चार. कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा पुतण्याला मिळावा, पण एका अटीवर. जेवणापासून चहापर्यंत करवत बंद राहील आणि तेवढा वेळ तो खाटेवर पडेल. झोप लागलीच पाहिजे असे नाही, आढ्याकडे बघितले तरी चालेल. अट मोडली तर हा हिस्सा वहिनींचा, आणि त्यांनी तो खुशाल विकावा. गेल्या आठवड्यात तो लाल डोळ्यांनी माझ्यापुढे उभा राहिला. “काका, एक नवी खुर्ची काढून द्या ना, उद्यापर्यंत.” मी म्हटले, “बाळा, उद्यापर्यंत दाढी वाढते, खुर्ची नाही.” त्याला हसायलासुद्धा फुरसत नव्हती. मला त्याच्याबद्दल भीती वाटते.

कलम पाच. भाऊ गेल्यावर करवतीच्या बटणाच्या पेटीला मी कुलूप बसवले. रोज दुपारी करवत बंद करून ते लावायचो. किल्ली माझ्या उशाखाली असते. पण आता उठून तिथवर जाण्याचा दम माझ्यात नाही, म्हणून करवत दिवसभर चालते. परवा वहिनी आल्या आणि प्रथमच या खाटेच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही आहात तोवर त्याला पडायला शिकवा. मी बापलेकांना नुसतं उठा-उठाच म्हणत आले हो.” माझ्या मृत्यूनंतर ती किल्ली वहिनींना द्यावी.

हे सर्व वहिनींसमोर आणि दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. पुतण्याला बोलावले होते. “आलोच,” असा निरोप आला, तो आला नाही.

सहीपूर्वीची भर. डॉक्टर पेन उघडत होते तेवढ्यात करवत थांबली. पॉलिशवालीचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठायला गेलो, उठवले नाही. उशाखाली हात घातला तर किल्ली नव्हती. मघाशी वहिनी माझी उशी सारखी करून बाहेर गेल्या होत्या. माझ्या मरणाची वाट पाहण्याइतका धीर त्यांना राहिला नव्हता. सबब कलम पाच रद्द समजावे, वस्तू वारसाला पोचली आहे. बाहेर पुतण्या आईवर ओरडतो आहे, ऑर्डर बुडाली, गिऱ्हाईक गेले म्हणून. ओरडू दे. त्या दिवशी करवत थांबली तेव्हा त्याच्या बापाचा आवाज आला नव्हता.

साक्षीदार: १. डॉक्टर (सही)
२. पॉलिशवाली (अंगठा, पॉलिशचा डाग पडला आहे)

स्थळ: कारखान्यामागची खोली
तारीख: डॉक्टरांनी घालावी. मला वार आठवत नाहीत.

सही: लोळ्या (पडल्या पडल्या केली आहे, म्हणून वाकडी)