संप मिटेपर्यंत अनवाणी

१२ सप्टेंबर १९८२
वही नवीन. गिरणी संपाला आठ महिने होत आले, त्याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी. मीच ठेवतो.
आज गेट मीटिंगमध्ये लवूने माईक घेतला. संप मिटेपर्यंत दाढी करणार नाही म्हणाला. टाळ्या. लवू मिलमध्ये माझ्या बाजूच्या साच्यांवर कापड विणायचा, चाळीत बाजूच्या खोलीत. त्याला दाढी येते ती किती! मग मी उठलो. संप मिटेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही म्हणालो. त्याच्यापेक्षा जास्त टाळ्या.
चपला मागच्या दिवाळीच्या, जवळजवळ कोऱ्या. पेपरात गुंडाळून पेटीत टाकल्या. मंजुळा म्हणाली, तुमका कोणी सांगलेला माईक धरूक? बायकोला लढ्यातलं कळत नाही. फार तर महिनाभराचा प्रश्न आहे.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
भोईवाडा कोर्टात आपल्या माणसांची तारीख होती. चालत गेलो, चालत आलो. घरी मंजुळाने पाय धुताना दाखवलं, उजव्या तळव्यात खिळा. अर्धा आत. मला पत्ताच नाही! निर्धार इतका अंगात मुरलाय. लवूला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो नुसता दाढी खाजवत बसला. जळला असणार.
हळद भरली. रविवारपर्यंत बरं.

२८ नोव्हेंबर
हळदीत हल्ली भेसळ असते. आजपासून राळेचं मलम, आई करायची तसं. राळ, तिळाचं तेल, मेण. कढवताना खोलीत धूर झाला, सगळ्या मजल्याने दारं लावून घेतली. जखम रुपयाएवढी. पण दुखत नाही. दुखत नाही म्हणजे आतून भरतेय.
पाय जपायलाच हवा. संप मिटला की चार साच्यांवर आठ तास उभं राहायचंय.

९ डिसेंबर
जिन्यात राधाबाई कोळीण पाटी घेऊन बसते. आज तिला स्पष्ट सांगितलं, मासळी शिळी आणतेस, खोलीपर्यंत वास येतो. तिने नाक वर केलं, हुंगलं, आणि माझ्या पायाकडे बघून म्हणाली, यो वास माझ्या म्हावऱ्याचा नाय. वर मंजुळाला सांगितलं, सुरमईचा काटा लागला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी इस्पितळ गाठलं, याला आजच्या आज ने.
अडाणी बाई. मलमात कापूर वाढवला.

१८ जानेवारी १९८३
संपाला वर्ष झालं. मिटणार, वातावरण पॉझिटिव्ह आहे.
मंजुळा जबरदस्तीने मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. रडत होती, म्हणून गेलो. डॉक्टरीणबाई म्हणजे पोरगीच. डोळे मिटा म्हणाली, टाचणी टोचली की हो म्हणा. मी दहा वेळा हो म्हटलं, ठणठणीत आवाजात. मग म्हणाली, शेवटच्या पाच वेळा मी टोचलंच नव्हतं.
ही काय डॉक्टरकी? फसवणूक आहे.
रिपोर्टमध्ये साखर निघाली. भरती व्हा, जखमेसाठी नवीन इंजेक्शन आहे, पाऊल टेकवायचं नाही, आणि पुढे जन्मभर अनवाणी चालायचं नाही. मी म्हटलं, बाई, शपथ आहे. ती म्हणाली, ज्यांच्यासमोर घेतलीत त्यांना बोलवा, मी बोलते त्यांच्याशी.
आता हजार माणसं कुठून बोलावू?

२१ जानेवारी, वॉर्ड
मोठा शोध लागला. शेजारच्या खाटेवरच्या तात्यांच्या जखमेत नर्सने चक्क साखर भरली! विचारलं तर म्हणाली, साखर जखमेतलं घाण पाणी ओढून घेते. म्हणजे लोकांना जे वरून भरावं लागतं ते माझ्या रक्तात आधीच आहे. डॉक्टरीणबाईला हे कसं सुचलं नाही?
कँटीनमध्ये जाऊन दोन चहा घेतले. साखर जास्त.

२३ जानेवारी
गेट मीटिंग होती म्हणून सही करून बाहेर पडलो. डॉक्टरीणबाई दारापर्यंत मागे आली, इंजेक्शनं अर्धीच झालीत म्हणाली. मी म्हटलं, अर्धी पुरेत.
मीटिंगला एकोणीस माणसं. ऊन फार होतं.

१७ मार्च
लवूने दाढी काढली. गुळगुळीत. उकाड्यामुळे असेल. हल्ली पहाटे उठून बाहेर जातो, फिरायला जात असावा. डबा घेऊन.

१९ मार्च
मंजुळा म्हणाली, लवूभाव पंधरा दिवस कामार जातत, सगळ्या चाळीक म्हायत आसा, तुमकाच नाय. मी तिच्याशी बोलणं बंद केलं.
संध्याकाळी लवू स्वतः आला. उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, आनंदा, तुझे चार साचे अजून रिकामे आहेत, कामावर घेणारा जॉबर विचारत होता. उद्या ये माझ्याबरोबर. चपला घाल आणि ये.
मी त्याला खूप बोललो. नको ते बोललो. तो त्याच्या खोलीत गेला. नंतर मलम नीट लागलं नाही.

२० एप्रिल
करंगळी काळी. मलमाचा रंग उतरलाय.

२२ एप्रिल
बाजूचं बोटही. राळ बदलून बघायला हवी.

२५ एप्रिल
ताप. राधाबाई आता जिन्यात बसत नाही. मंजुळाने लवूला हाक मारली. त्याने खांद्याचा आधार दिला, टॅक्सीपर्यंत. कामावर खाडा करून आला होता.
तीच डॉक्टरीणबाई. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१९ जून
कालच घरी आलो. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. जखम मात्र छान भरलीय, असं नर्स म्हणाली.
संप अजून अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. सकाळी लवूची वाट बघत होतो, तर तो पहिल्या पाळीला गेलेला. माझ्या साच्यांवर दुसरा माणूस घेतलाय म्हणे.
दुपारी मंजुळाने पेटी उघडली. पेपर सोडला. कुबडी सरकते, पाय घसरेल, एवढंच म्हणाली, आणि खाली बसून माझ्या डाव्या पायात चप्पल घातली. नको म्हणायचं होतं. म्हटलं नाही. रडू आलं, तिच्यासमोरच.
म्हणजे संप मिटला.
उजवी तिने परत पेपरात गुंडाळली. टाकू नकोस म्हणालो.