भर मे महिन्यात हिटर

सिंदी मेघे, बुधवार

चि. भूपेंद्र यास मधुकररावाचे आशीर्वाद.

वडनेरला सगळे खुशाल असतील. तुझा गुडघा कसा आहे? (नीट सांगत जा. मागच्या वेळी "बरा आहे" म्हणालास आणि नंतर कळलं की काठी घेतली.) आमच्याकडे सगळं ठीक. तुझी ताई बोलायला लागली. ही बातमी आधी देतो, कारण ती बोलत नव्हती ही बातमी तुला तिच्याकडून मिळालेलीच असणार. फोन केला असता, पण आमच्या घरातला फोन स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातो, आणि व्हॉट्सॲपवर तू अर्धं वाचून अंगठा दाखवतोस.

झालं असं, की आपल्या समीक्षाच्या डोहाळजेवणाला तिच्या सासरी कारंज्याला जायचं म्हणून मी गाडीतलं जुनं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, काढून नवीन भरलं. स्वतः. (मोबाइलवर एक माणूस चहा पिता पिता करतो. मला अख्खी दुपार लागली, पण त्याच्या डोक्यावर शेजारचे बंडूजी सूचना देत उभे नव्हते.) दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना अन्नपूर्णा म्हणाली, "अवो, समोरून गुडगुड आवाज येऊन राह्यला." आणि बंडूजी मागच्या सीटवर असताना मी म्हणालो, "तुले काय समजते गाडीतलं?" रागानं नव्हे रे, सवयीनं म्हणालो. तेच तिला जास्त लागलं असावं. त्या दिवसापासून चहा वेळेवर, जेवण वेळेवर, शब्द बंद. भाजीत मीठ कमी आहे का, हेसुद्धा ती फ्रिजला विचारायची.

अशाच अबोल्यात आम्ही कारंज्याला निघालो. मागे साडी, फळं, अनारशांचा डबा. गाडीत इतकी शांतता, की ती गुडगुड मलाही ऐकू येऊ लागली. पण आता कोणत्या तोंडानं सांगू? कारंजा जवळ आलं आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर चढला. बॉनेटमधून वाफ निघाली तशी गाडी एका ढाब्यापाशी घेतली. तेवढ्यात समीक्षाचा फोन, बायका जमल्या, ओटी भरायला आई कुठे आहे? मी घाईघाईनं रुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"हात काढा मांगं! भाजसान ना!"

ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांचे घास हातातच राहिले. मी हात काढला आणि त्याच क्षणी झाकणाच्या कडेनं फस्सकन उकळतं पाणी उडालं. अन्नपूर्णा माझा हात धरून उलटा-सुलटा करून बघत होती. मग आपण बोलत नाही हे आठवलं असावं. हात सोडून दिला.

मी गॅरेजवाल्या गुलाबला फोन लावला. तो म्हणाला, "काका, पाणी भरलं पण आतली हवा नाई काढली तुम्ही. हवा अडकली का पाणी फिरत नाई, मंग इंजिन तापते. आधी गाडी थंडी होऊ द्या. मंग तोंड चढावर करा, झाकण खोला, हिटर फुल करा. एकानं रेस द्या, एकानं पाणी ओता. हिटरातून गरम हवा आली का समजा जमलं." अन्नपूर्णेनं फोन घेतला. "गुलाबभाऊ, त्यायले सांगा, रेस मी देतो." मी तिच्यापासून दोन हातांवर उभा! गुलाबनं ते मला सांगितलं, माझं उत्तर तिला सांगितलं, आणि मग वैतागला. "काकू, आता तुमचं तुम्ही बोला, माह्याकडे गिऱ्हाईक हाये."

फोन बंद. मग काय करते?

गाडी थंड झाल्यावर ती जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसली. अंगावर रेशमी साडी, मे महिना, कारंज्याचं ऊन, आणि समोर हिटर फुल. "बुडबुडे आले काय?" "आले." "अजून?" "अजून. जरा रेस दे... हळू!" इतकं सलग आम्ही समीक्षाच्या लग्नानंतर बोललो नव्हतो. मी रेडिएटरची रबरी नळी दाबत होतो, पाणी ओतत होतो, भकाभका हवा निघत होती. शेवटी पाणी ठरलं, आणि आतून ती ओरडली, "आली! गरम हवा आली!" गरम हवेचा एवढा आनंद विदर्भात मे महिन्यात कोणालाही झाला नसेल.

झाकण लावलं आणि ट्रकवाल्यांदेखत म्हणालो, "अन्नपूर्णा, तुले बरोबर समजलं होतं. मीच चुकलो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कारंज्याला पोहोचलो, तर समीक्षानं आमच्याशिवाय ओटी भरू दिली नव्हती. आमचे लालबुंद चेहरे पाहून विहीणबाईंनी आधी पन्हं दिलं, मग कारण विचारलं.

असो. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधुकरराव

ता.क. रविवारी तू ताईला माहेरी न्यायला येणार आहेस, असं कानावर आलं. येऊ नकोस. म्हणजे ये, जेवून जा, पण तिला नेऊ नकोस. तिच्याशिवाय मला घरात करमत नाही. (हे तिला सांगू नकोस.)

ता.क. दुसरा. भूपेंद्रा, पत्र टपालात टाकायले ह्यायनं माह्याच हाती दिलं, म्हणून वाचलं. डोळ्यांत पाणी हिटरनं आलं होतं. रविवारी तू नको येऊ. माह्या शिकाऊ लायसनचा अर्ज भरला. महिनाभरानं ह्यायले बाजूले बसवून मीच गाडी घेऊन येईन. गोठ्यासमोरची बैलगाडी तेवढी काढून ठेवजो, मले मागं घेणं अजून जमत नाई.