मागच्या रांगेतली जागा

आगाशी,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय कॉन्रॅड,

तुझा नाताळ झाला, माझी संक्रांत आली. मधल्या या गोड थंडीत तुला आणि मार्गारेटला नमस्कार. कॅनडातली थंडी कशी आहे? इथे केळ्यांची सुकेळी छान वाळलीत. तुझ्या वाटणीची डब्यात आहेत.

हसशील, पण मी शिकवणीला जातो. शेजारची स्वप्ना घरीच नवशिक्यांना रेकॉर्डिंग शिकवते. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवरची बटणं पाहून मी परतच निघालो होतो. विमान उडवायचंय की काय! तिने कॉम्प्युटरचा पडदाच बंद केला. म्हणाली, “आजोबा, शाळेतला वर्गाचा फोटो आठवा. पुढे कोण, मागे कोण, डावीकडे कोण. आवाजांचं मिक्सिंग म्हणजे एवढंच.”

माझ्या डोळ्यांपुढे आपला चौथीचा फोटोच आला रे. मेरी टीचर मधोमध, पाठीमागे चिंच.

म्हटलं, टीचरनी चाल लावलेली ती बैलांची कविताच घेऊ. वर्गात एक ओळ आम्हा खिडकीकडच्यांची, पुढची तुम्हा दाराकडच्यांची. ती चाल आता तुझ्यामाझ्याखेरीज कुणाला येते?

पेटी वाजवली, टाळ वाजवले, माझ्या ओळी म्हटल्या. मग कुणी रुसायला नको म्हणून सगळ्यांचेच आवाज मोठे केले. नुसता बाजार! स्वप्ना म्हणाली, सगळेच पुढच्या रांगेत घुसले तर चेहरा कुणाचाच दिसत नाही. मग पेटी मागे नेली, टाळ उजवीकडे सारले, आणि माझे शब्द ऐकू आले. जरा खरखरीत.

त्या खरखरीचंच सांगायचंय. मागे फोनवर तू विचारलंस, घसा बसलाय का? मी सर्दी म्हणालो. ती सर्दी नव्हती. गुरुवारी घशाचं ऑपरेशन आहे. जिवाला धोका नाही, डॉक्टर म्हणतात. आवाजाचं मात्र सांगता येत नाही. फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून कागद घेतला. याचा फोटो आणि रेकॉर्डिंग स्वप्ना तुला पाठवील.

तुझ्या ओळी तिचा एखादा विद्यार्थी म्हणेल, असं ती सुचवत होती. मी नको म्हटलं. त्या जागी शांतता ठेवलीय. फोटोत तू उंच, कायम मागच्या रांगेत डावीकडे. तिथेच तुला जागा केलीय. तुझ्या ओळी फोनवर रेकॉर्ड करून पाठव. बेसूर झालं तरी चालेल, टीचरनी तरी तुला कधी टोकलं?

मी माझी ओळ म्हणून थांबलोय. पुढची तुझी.

तुझा खिडकीकडचा,
चंद्रहास