डावी बाजू हिरवी

४ जून, गुरुवार

आज ताईकडे जेवायला होतो. जेवता जेवता त्यांचा एक मोठा प्रश्न सोडवून आलो.

भाचीची चाकाच्या खुर्चीतली सीट तिला घट्ट व्हायला लागली आहे. अकरा वर्षांची पोर, वाढणारच. तिचा कणा एका बाजूला झुकलेला, त्यामुळे सीट दुकानात मिळत नाही, तिच्या अंगावर बेतून घडवावी लागते. जुन्या सीटचं स्कॅन झालं आहे. पण स्कॅन म्हणजे लाखो बारीक त्रिकोणांची जाळी, तीही फाटकी. जाळी ओढून सीट रुंद होत नाही. आधी कुणाला तरी तिच्यावर स्वच्छ पृष्ठभाग बसवून द्यावे लागतात, मग त्यात हवे ते बदल करता येतात. सीटवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये हे करणारा एकच माणूस, आणि त्याच्याकडे दीड महिन्याची रांग. भाचीच्या मांड्यांवर आत्ताच वळ उठताहेत.

मी म्हणालो, रांगेत कशाला उभे राहता, हे तर माझं रोजचं काम. दोन संध्याकाळी पुरे.

ताईचे डोळे भरून आले. भावोजींनी मला स्वतःच्या हाताने वाढलं, त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

(रोजचं काम म्हणजे, ऑफिसात मी बाटल्यांच्या झाकणांची मॉडेलं करतो. पण झाकणालाही पृष्ठभाग असतोच. तत्त्व एकच.)

६ जून, शनिवार, सकाळी

फाइल उघडली. सीट काही दिसेना. वाळत घातलेली चादर खिळ्याला अडकून फाटावी तसं काहीतरी. जागोजागी भोकं, पट्ट्यांच्या चिंध्या, हवेत तरंगणारे तुकडे. फाइल बंद केली. आधी वातावरण हवं. टेबल आवरलं. माउस जुना आहे, असल्या नाजूक कामाला चालायचा नाही. नवा आणायला निघालो.

संध्याकाळी

माउस उत्तम. आज दमलो.

९ जून

प्रोग्रॅममध्ये 'ऑटो' नावाचं बटण आहे. लोक महिना महिना काय करत बसतात कळत नाही. दाबलं, चहा करून आणला, सीट तयार. गुळगुळीत. लगेच सीटवाल्यांना पाठवली आणि ताईला कळवलं की झालं.

१० जून

सीटवाल्यांचा फोन. त्यांच्या मते ही सीट नाही, गोधडी आहे. हजारो ठिगळं, एक ओढलं की शेजारची दहा उसवतात. मोजकेच, मोठे पृष्ठभाग हवेत, हाताने बसवलेले, आकार समजून घेऊन. त्यासाठी मुलगी सीटवर कशी बसते ते एकदा जाऊन बघा, असंही म्हणाले. मी म्हणालो, जरूर. मनात म्हटलं, मामा आहे मी तिचा, जन्मापासून बघतोय.

ताईला सांगितलं की सीटवाल्यांच्या मशिनी जरा जुन्या दिसतात.

११ जून

निश्चय. रोज पहाटे उठून ऑफिसच्या आधी दोन तास. हाताने. आकार समजून.

१२ जून

पावणेआठला उठलो. गजर बायकोने बंद केला असणार. तिचं म्हणणं, मीच केला, आणि वर 'तू झोप निवांत' असं तिलाच सांगितलं. आरंभशूर म्हणाली मला. आरंभ तरी झाला कुठे होता?

१४ जून, रविवार

आज खरं काम. सीटच्या पुढच्या कडेला एक छोटा, गोलसर उंचवटा आहे. अख्खा दिवस त्याच्यावर घातला. असली मऊ वळणं झाकणांत येत नाहीत. बायकोला बोलावून दाखवला. तिने विचारलं, हा कशासाठी असतो. मी म्हणालो, वैद्यकीय आहे.

ताईचा फोन होता, भाची कशी बसते ते बघायला येतोस का म्हणून. म्हटलं, काम रंगात आलंय, आता उठवू नकोस.

१५ जून

उंचवटा सीटवाल्यांना पाठवला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, नाही कशाला म्हणू. त्यांनी कळवलं की तो त्यांचा अंगठा आहे. स्कॅन करताना सीट हलू नये म्हणून त्यांनी ती धरली होती.

बायकोने विचारलं, वैद्यकीय भागाचं काय झालं. काढून टाकला म्हणालो.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. यापुढे स्कॅनमधल्या एकाही उंचवट्यावर विश्वास ठेवायचा नाही.

२० जून, शनिवार

सुचलं. डावीकडे बरगड्यांच्या खाली एक भलामोठा फुगवटा आहे. आठवडाभर त्याच्यावर पृष्ठभाग बसवतोय, दरवेळी सुरकुती पडते. उजवी बाजू मात्र स्वच्छ. मग डावी हवीच कशाला? झाकणं आम्ही अर्धीच करतो आणि आरशात धरल्यासारखी पलटवतो. देवानेही माणूस तसाच केलाय, दोन डोळे, दोन कान, दोन हात. शिवाय मी आता अंगठ्यांना फसणारा राहिलो नाही.

डावी उडवली, उजवी पलटवली. जेवणाआधी तयार. इतकं देखणं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

२१ जून, रविवार

एक कटकट. सीटवाल्यांना मॉडेलसोबत रंगांचं चित्र लागतं. मूळ स्कॅन आणि माझं मॉडेल यांत फरक कमी असेल तिथे हिरवं, जास्त असेल तिथे लाल. उजवी बाजू हिरवीगार. डावी बाजू भाजल्यासारखी लाल.

कुणी म्हणेल, नाचता येईना अंगण वाकडं. पण इथे स्कॅनच वाकडं आहे, त्याला मी काय करू.

संध्याकाळी

किती फरकाला लाल म्हणायचं हे आपणच ठरवायचं असतं. दोन मिलिमीटरला लाल, हा काही निसर्गाचा नियम नाही. पाच केलं. लाल. दहा. लाल. चाळीस केल्यावर डावी बाजू हिरवी झाली. कडेला आकड्यांची पट्टी येते, ती चित्रात नीट बसत नव्हती. कापली. पाठवलं.

२३ जून

सीटवाले खूश. मॉडेल स्वच्छ आहे, रुंदी एका झटक्यात वाढली म्हणाले. फक्त एक विचारलं, डावीकडचा आधार काढलाय तो दवाखान्यातून सांगितलं म्हणून का.

आधार.

उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सीट कोरायच्या मशीनवर उद्याचा नंबर मिळालाय. आता मागे फिरलो की पुन्हा रांग, आणि ताईला काय सांगायचं? भावोजींना काय सांगायचं? शेवटी कळवलं, 'होय, विचार करून केलंय.' तसं हे खोटं नाही. विचार मी केलाच होता.

जेवण गेलं नाही. बायकोला ॲसिडिटी सांगितली.

३ जुलै, शुक्रवार

सीट आली, नव्या खुर्चीवर बसवून. निळं कापड, भाचीनेच निवडलेलं. भावोजींनी तिला उचलून ठेवलं. आम्ही सगळे बघत उभे. ती हळूहळू डावीकडे कलली. मी म्हणालो, नवा बूटही आठवडाभर चावतो. ती म्हणाली, मस्त आहे मामा.

ताईने डावीकडे टॉवेलची गुंडाळी कोंबली. मी समजावलं की त्याने सीटचा आकार बिघडतो. तिने निमूटपणे काढून घेतली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

चांगला दोन तास बसलो. भावोजींनी कामाबद्दल विचारलं होतं.

५ जुलै, रविवार

पुन्हा गेलो. भाची नव्या सीटवर, उजव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरून. विचारलं तर म्हणाली, सवय आहे. म्हणजे अंगवळणी पडतंय. मी उगाच मनाला लावून घेत होतो. आता दर रविवारी जायचं.

८ जुलै, बुधवार

ऑफिसातून परत येताना ताईकडे वळलो. छत्री तिथे राहिली होती. कळवलं नव्हतं. दार उघडंच.

भाची जुन्या, घट्ट सीटवर बसून चित्र काढत होती. दोन्ही हात मोकळे. मला बघितलं आणि तिने ताईला हाक मारली, की मामा आलाय, मला पटकन तिकडे बसव. ताई हात पुसत धावत आली. तिला उचलून निळ्या सीटवर ठेवलं. उचलताना सदरा वर सरकला आणि डाव्या कुशीवर लाल चट्टा दिसला. मधोमध कातडी सोलवटलेली.

मग भाचीने दांडा धरला आणि सांगितलं की हल्ली तिला हीच आवडते.

मी छान म्हणालो. चहा घेतला. हे लिहितानाही लाज वाटते. उठून निघून जायला हवं होतं. मी जेवढा वेळ बसलो, तेवढा वेळ ती बसली.

छत्री तिथेच राहिली.

९ जुलै

सीटवाल्यांना फोन करून सगळं सांगितलं. पलटवणं, चाळीस मिलिमीटर, कापलेली पट्टी. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, सीट देताना त्यांनी ताईलाही विचारलं होतं, डावीकडे आधार नाही, चालेल ना. ताईने त्यांना सांगितलं की माझ्या भावाने केलंय, म्हणजे विचार करूनच केलं असेल.

दुसरी सीट होईल. भाचीचं माप नव्याने घ्यावं लागेल, मॉडेल त्यांचाच माणूस करेल. रांग दीड महिन्याची. मी मधे पडलो नसतो तर आत्तापर्यंत तिचा नंबर लागत आला असता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण अवलक्षण माझं आणि चट्टा तिला.

ताईला सांगायला फोन उचलला. ठेवला. उद्या.

१० जुलै

उद्या नक्की.

११ जुलै

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मला कशाला सांगतोस.

१२ जुलै, रविवार

सकाळी ताईचाच फोन. येतोयस ना, किती वाजता, असं विचारत होती. किती वाजता हे ती का विचारते ते आता मला माहीत आहे.

म्हणालो, येत नाही. आज नाही, पुढच्या रविवारीही नाही. दुसरी सीट सांगितली आहे, ती येईपर्यंत तिला जुन्यावरच बसू दे. चूक माझी आहे, आणि ती करताना मला माहीत होती.

ताई बरं म्हणाली, आणि तिकडे वळून भाचीला सांगितलं की मामा आज येत नाहीये.

मागून भाचीने विचारलेलं मला ऐकू आलं. नक्की ना, असं.