तळ्याकाठच्या शेडमधला विषाणू

४ मार्च
सकाळीच दादाचा फोन. डुकरं खोकतायत! खाणं निम्म्यावर आलंय. "जगभरच्या कोंबड्या तपासतेस, जरा भावाच्या शेडकडेही बघ." टोमणा रास्त. वर्षभर फिरकले नव्हते. उद्या जाते.

५ मार्च
तीस डुकरांच्या नाकातले नमुने घेतले. मास्क, हातमोजे, चष्मा चढवले तर दादा हसला. "चंद्रावर निघालीस का?" स्वतः मात्र उघड्या नाकाने वावरतो.
तळ्याचं पाणी पंपाने थेट हौदात. तळ्यावर रानबदकांचा थवा. ती तळ्यात हगतात, तेच पाणी डुकरं पितात. बोलले तर म्हणाला, "गाळून घेतो गं." विषाणू काय गाळणीत अडकतोय!

९ मार्च
फ्लूच निघाला. प्रकार कळायला तीन दिवस.

१२ मार्च
फ्लूच्या विषाणूची जनुकं सलग नसतात. आठ सुटे तुकडे. यातले सहा डुकरांच्या जुन्या फ्लूचे. एक बदकांचा. एक माणसांचा – यंदाच्या हिवाळ्यातला! तीनदा तपासलं.
आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी स्क्रीनवरची यादी पुन्हा वरून खाली तपासली. "असा आजवर कुणी नोंदवलेला नाही. कुणाची शेड?"
"माझ्या भावाची."
"अहवाल दुसऱ्या कुणाला लिहायला सांगू?"
मीच लिहिला.

१३ मार्च
पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांच्या आधी दादाकडे पोचले. माझ्या हातात एवढंच होतं.
सांगितलं – एकाच डुकराला एकाच वेळी दोन फ्लू झाले, दोन्ही एकाच पेशीत शिरले. पेशी दोघांच्याही तुकड्यांच्या नकला काढते. नवा विषाणू बाहेर पडताना आठ तुकडे उचलतो, कोणता कुणाचा ते बघत नाही. बहुतेक सरमिसळी वाया जातात. एखादी टिकते. इथे तीन फ्लूंचे तुकडे आहेत, म्हणजे हे दोनदा तरी घडलं असणार.
वहिनीला लगेच कळलं. "लाँड्रीत दोन घरांचे कपडे मिसळतात तसं."
दादाचं लक्ष भलतीकडेच. "आणि माणसाचा तुकडा? शेडमध्ये जाणारा माणूस मी एकटाच."
जानेवारीत तो आठवडाभर तापाने फणफणला होता. शेड एक दिवस चुकवली नाही.
"म्हणजे मीच दिला."
"कुणाकडूनही जाऊ शकतो, दादा."
"कुणाकडूनही नाही. माझ्याकडून."

१५ मार्च
सगळी डुकरं मारली. दोनशे बारा. दादा शेवटपर्यंत कुंपणाशी उभा होता. माझ्याशी एक शब्द नाही. वहिनी म्हणाली, "वेळ दे त्याला."

१६ मार्च
फोन उचलत नाही.

१८ मार्च
त्याचाच फोन! "ताप भरलाय. डॉक्टरच्या आधी तुला सांगतोय. दार आतून लावून बसलोय, तुझ्या वहिनीला आत येऊ देत नाही. पुढे काय करू?"
मास्क लाव म्हटलं, अँब्युलन्स पाठवते.

२० मार्च
दादाचा नमुना आला. डुकरांचाच विषाणू, आठही तुकडे जुळले. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय, औषध चालू आहे. ऑक्सिजनही.

२१ मार्च
तसाच.

२४ मार्च
ताप उतरला! काचेतून भेटले. आतल्या फोनवर म्हणाला, "तू कळवलंस ते बरं केलंस. तुझ्या जागी मी असतो तर दाबून टाकलं असतं." मला रडू फुटलं. "आता तू नको आजारी पडूस," म्हणाला.
वहिनीचा नमुना स्वच्छ. माझाही. डुकरातून एका माणसात आला आणि तिथेच विझला – बहुतेक वेळा असंच होतं. मॅडम कितीतरी दिवसांनी वेळेवर घरी गेल्या.

३० मार्च
दादाची देखभाल करणाऱ्या नर्सला नुसती सर्दी झाली होती. तिच्याच घरी राहणाऱ्या, तापाने आजारी पडलेल्या आईचा नमुना आज आला. वय अडुसष्ट. गुडघ्यांमुळे दोन वर्षं घराबाहेर नाही. डुक्कर सोडाच, दादालाही तिने कधी पाहिलेलं नाही.
आठही तुकडे तेच.