तमिळ पोलिसांच्या पद्धतीने केलेली स्थळाची चौकशी

थेरगाव, रविवार

आदरणीय दादासाहेब,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे दत्तोबाचा, मनापासून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? आम्ही खुशाल आहोत, निदान हे वाक्य लिहीपर्यंत तरी. फोनऐवजी पत्र लिहितोय, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या आळीला ऐकवता (राग नसावा).

तुम्ही आमच्या दिव्यासाठी कासारवाडीच्या सिद्धेशचं स्थळ सुचवलंत. मुलगा चाकणला कंपनीत, दिव्याच्याही मनात भरलेला. मी हो म्हणून मोकळा झालो असतो; पण त्याच आठवड्यात शेजारच्या गॅरेजवाल्या शौकतभाईंबरोबर एक तमिळ सिनेमा पाहिला, हिंदीत बोलणारा. त्यात दोन पोलीस एका खुन्याच्या मागे असतात. एक गोड बोलणारा, दुसरा तोंड उघडण्याआधी हात उचलणारा. दोघांचं एकमेकांशी इतकं बिनसलेलं, की खुनी बिचारा दोनदा समोरून जातो तरी यांचं भांडण चालूच. हिरो चालला की धूळ उडते (आपल्या चाकण रस्त्यावर हिरो नसतानाही उडते), आणि शेवटी कळतं की खुनी तोच, जो पहिल्यापासून सगळ्यांना अदबीने चहा पाजत होता. मी आणि शौकतभाईंनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. आम्ही मुलाच्या घरी गेलो होतो तेव्हा सिद्धेशने स्वतःच्या हाताने चहा आणून दिला होता!

झालं. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच्या सोसायटीसमोर हजर. मी गोड आणि शौकतभाई कडक, असं ठरलं होतं. पण शौकतभाई मूळचे इतके मवाळ, की वॉचमनवर "सच बोल!" म्हणून ओरडले आणि लगेच "माफ करना भाई, पानी पियोगे?" म्हणाले. मग कडकपणा माझ्या गळ्यात पडला. काळा चष्मा लावून मी पानवाल्याला विचारलं, सिद्धेश कधी येतो, कधी जातो, डावखुरा आहे का (सिनेमातला खुनी होता). पानवाला घाबरून म्हणाला, "साहेब, आमी काय बी बगितलं न्हाई." साहेब म्हटल्यावर, खरं सांगतो, बरं वाटलं. मी काही खुलासा केला नाही.

एका चौकशीवर भागत नाही, हे तुमचंच म्हणणं. म्हणून मागाहून भाचा समाधानला पाठवलं. तो धापा टाकतच परतला. "मामा, स्थळ सोडा! पोराच्या मागं पोलीस लागलेत. साध्या वेशातले दोघं येऊन गेले, सगळी सोसायटी तेच बोलतीये." पोरीच्या जन्माचा प्रश्न! मी तिथल्या तिथे सिद्धेशच्या वडिलांना फोन लावला आणि पोलीस मागे लागलेल्या घरात आम्ही मुलगी देत नाही, असं सुनावलं. फोन ठेवल्यावर सौ. विजयश्रीने समाधानला शांतपणे विचारलं, ते पोलीस दिसायला कसे होते रे? तो म्हणाला, एकाची नखं ऑइलने काळी, आणि दुसरा टकल्या, चष्म्यावरचा किमतीचा कागदसुद्धा न काढलेला. तुमच्या बहिणीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, पुढचं लिहीत नाही.

तर आपण कासारवाडीला जाऊन एवढंच सांगावं, की पोलीस दुसऱ्याच कुणा सिद्धेशला शोधत होते आणि तो सापडला. आमचं नाव मात्र काढू नये.

तुमचा,
दत्तोबा

ता. क. वरची थाप मारायची गरज उरली नाही. शौकतभाईंना काही राहवलं नाही. ते आज सकाळी परस्पर जाऊन सगळं कबूल करून आले. कडक पोलीस! सिद्धेशचे वडील नुसतेच हसले म्हणे. कसे हसले, ते शौकतभाईंना नीट सांगता येत नाही.

आणखी एक ता. क. खरी गोष्ट अशी, की त्या फोनपासून दिव्या माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. मला हे सहन होत नाही, दादासाहेब. ती तुमचं ऐकते. बापाने काळजीपोटी केलं, एवढं तिला सांगा.

शेवटचं ता. क. पाकिटासाठी डिंक दिव्याकडेच मागावा लागला. तिने पत्र काढून वाचलं आणि बोलली एकदाची. म्हणाली, "बाबा, पानवाल्याला विचारलंत, वॉचमनला विचारलंत. मला कधी विचारणार होतात?" मी म्हटलं, आता विचारतो. तर म्हणाली, "सिद्धेशशी माझं बोलणं झालंय. त्याची हरकत नाही. पण सासऱ्यांची एकदा नीट चौकशी करावी म्हणतोय." ती थट्टा करत होती की खरं सांगत होती, मला कळलं नाही. तेव्हा दादासाहेब, तुमच्याकडे कुणी आलंच, तर माझ्याबद्दल चार शब्द बरे सांगा.