खोडलेलं नाव

भाईंदर पूर्व,
११ जानेवारी २०२६

ती. मामांस, क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहितेय. आपल्या सागरतारा क्रिकेट क्लबला यंदा पन्नास वर्षं होतायत आणि इतिहासाची पुस्तिका माझ्या गळ्यात पडलीय. मुलींच्या टीमची प्रॅक्टिस संपली की जुनी स्कोअरबुकं वाचत बसते. १९९१पर्यंत प्रत्येक मॅचमध्ये जानू हे नाव आहे, नंतर एकदाही नाही. सभासदांच्या यादीतही ते खोडलंय, आणि बाजूला सही तुमची. तुमच्या टीममधल्या यतीनकाकांना विचारलं तर म्हणाले, गाडलेली मढी उकरू नकोस. मला तर संशयच येतोय. कॅप्टन तुम्ही होतात, तुम्हीच सांगा.

तुमची भोचक भाची,
क्षितिजा

नाशिक,
१९ जानेवारी

चि. क्षितिजा हिस, अ. उ. आ.

नाव मीच खोडलं. जानू मोरवा गावचा, मासेमारीच्या होडीवर जाणारा, आमचा सगळ्यात भरवशाचा फील्डर. १९९१च्या फायनलला समोर राई गावची टीम, म्हणजे त्याची सासुरवाडी. शेवटच्या चार ओव्हरमध्ये त्याने हातातले तीन कॅच सोडले. कप गेला. जाब विचारला, तर मान खाली घालून गप्प. ज्याच्या मनात पाप नाही तो गप्प का बसेल?

त्याच्याकडे जाऊ नकोस. पुस्तिकेचं कळलं तर गोड बोलून तुला गुंडाळील. की त्याच्याच कुणी तुला हे विचारायला लावलंय?

तुझा,
हरिश्चंद्रमामा

भाईंदर पूर्व,
१ फेब्रुवारी

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, मी मोरव्याला जाऊन आले. जानूकाकांना आता काहीच दिसत नाही. त्यांच्या बायकोने, चंद्रावतीकाकूंनी, सांगितलं, "तवाच सांज झाली का यांना दिसायचं न्हाय. कुणाला कललं असतं तर होडीवर घेतला नसता." म्हणून ते गप्प राहिले.

मलाही लगेच पटलं नाही. घरी येऊन त्या मॅचचं पान काढलं. सुरुवातीच्या ओव्हरमध्ये, म्हणजे ऊन असताना, त्यांनी दोन कॅच घेतलेत, त्यातला एक चंद्रावतीकाकूंच्या सख्ख्या भावाचा. सासुरवाडीला जिंकवायचं असतं तर तो का घेतला असता? मामा, मॅचनंतर हे पान उतरवून काढलंय ते तुम्हीच, अक्षर तुमचं आहे. हे तुम्हाला तेव्हा दिसलं नाही का?

उत्तराची वाट बघतेय.
क्षितिजा

नाशिक,
९ फेब्रुवारी

चि. क्षितिजा, अनेक आशीर्वाद.

दिसलं होतं. अंधारून आल्यावर अंपायरने मला विचारलं होतं, थांबवायचं का. कपाच्या हावेपायी मी म्हणालो, खेळू द्या. त्याला दिसत नव्हतं हे मान्य केलं असतं, तर हार माझ्या माथी आली असती. त्याच्यावर संशय घेणं सोपं होतं. पुढे तो संशय इतक्या वेळा बोलून दाखवला की मलाच खरा वाटू लागला.

रविवारी येतोय. आधी मोरव्याला जाऊन विचार, मला घरात घेतील का. नाही म्हणाले तर आग्रह करू नकोस. पण हे पत्र पुस्तिकेत छाप, माझ्या नावासकट. आणि छापण्याआधी जानूला वाचून दाखव.

माझ्याबद्दल काही माया उरली असेल तर स्टेशनवर ये.
हरिश्चंद्र